चौथे येऊनही डरहॅम खाली का गेले? क्लब आणि बोर्डाचं नेमकं कुठे बिनसतं

तुम्ही शिकायला डरहॅमला आलात, चेस्टर-ली-स्ट्रीटच्या मैदानावर जाऊ लागलात, यंदा वर्षभराचं सभासदत्वही घेतलंत. तिथे शेजारच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी २०१६ ची गोष्ट ऐकवली. कौंटी चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडच्या कौंट्यांच्या (जिल्हावार) क्रिकेट क्लबांची साखळी स्पर्धा. तिच्या वरच्या विभागात डरहॅमचा संघ चौथा आला, तरी इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने त्याला खालच्या विभागात ढकललं आणि पुढच्या मोसमाचे गुण मोसम सुरू व्हायच्या आधीच कापले. तुमचे प्रश्न तीन: हा धडधडीत अन्याय नव्हता का, क्लब कोर्टात का गेला नाही, आणि सभासद म्हणून तुमच्या हातात काय आहे?

मी मूळचा सांगलीचा. सीएची आर्टिकलशिप सहकारी संस्थांच्या ऑडिटमध्ये गेली आणि गेली बावीस वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये छोट्या-मोठ्या क्रीडासंस्थांचे हिशेब तपासतोय. शिवाय गावच्या क्लबचा बिनपगारी खजिनदार आहे. म्हणजे शनिवारी संध्याकाळी बारचा गल्ला मोजणं आणि चहाचे पैसे कुणी दिले नाहीत ते शोधणं. मी कौंटीच्या कार्यालयात कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे आतल्या गप्पा माझ्याकडे नाहीत. पण असले तंटे कागदावर कसे दिसतात ते रोज पाहतो. तुमचा खरा प्रश्न न्याय-अन्यायाच्या आधी येतो असं मला वाटतं. क्लब बोर्डाच्या इतका मुठीत का गेला, हा तो प्रश्न.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. डरहॅमला प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला १९९२ मध्ये. त्याआधी नवी कौंटी आत आली होती ती थेट १९२१ मध्ये, ग्लॅमॉर्गन. दार उघडलं, पण कसोटी दर्जाचं मैदान बांधायच्या अटीवर. मग वेअर नदीच्या काठी, लमली किल्ल्याच्या पायथ्याशी चेस्टर-ली-स्ट्रीटचं हे रिव्हरसाइड मैदान उभं राहिलं आणि १९९५ मध्ये तिथे खेळ सुरू झाला. कोळशाच्या खाणी बंद पडलेला हा भाग. लंडनच्या ओव्हलवर जसे बँकावाले आणि विमा कंपन्या महागडे बॉक्स घेतात, तसे घेणारे इथे किती असणार? मैदान मात्र त्या तोलाचं हवं होतं.

आता त्या मैदानावरच्या कसोट्या बघा. २००३ मध्ये झिम्बाब्वे, २००५ मध्ये बांगलादेश, २००७ आणि २००९ मध्ये वेस्ट इंडीज, २०१३ मध्ये ऑस्ट्रेलिया, २०१६ मध्ये श्रीलंका. एकूण सहा. त्यातली ऑगस्टमध्ये झाली ती एकच, ॲशेसची, इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडने सामन्यात अकरा बळी घेतले ती. बाकी पाचही मे-जूनमध्ये. पहिल्या दोन तर तीन-तीन दिवसांत आटोपल्या. चौथ्या आणि पाचव्या दिवसाचं तिकीट नाही, बिअर नाही, पार्किंग नाही. माझ्यासारख्या माणसाला स्कोअरकार्डात आधी हे दिसतं. इंग्लंड डावाने जिंकलं याचा आनंद नंतर.

आणि हे सामने फुकट मिळत नव्हते. त्या काळी मोठा सामना हवा असेल तर मैदानाने बोर्डाकडे बोली लावायची. जास्त मैदानं, कमी सामने, त्यामुळे बोली फुगत गेल्या. बोली लावणाऱ्याने पैसे द्यायचे, पावसाची जोखीम घ्यायची, तात्पुरत्या खुर्च्या भाड्याने आणायच्या. २०१६ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या कसोटीला मी एक दिवस गेलो होतो. अंगात हिवाळ्याचा कोट, हातात चहाचा कप, आणि समोरच्या स्टँडमध्ये रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. ते म्हणाले, "यातलं कर्ज कोण फेडणार?" त्यांना ताळेबंद वाचायची गरज नव्हती.

चारच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०१६ रोजी, निकाल जाहीर झाला. इथलं बोर्ड, म्हणजे ईसीबी, क्लबला ३८ लाख पौंडांची मदत देणार. बदल्यात डरहॅम दुसऱ्या विभागात, आणि आठवं आलेलं हॅम्पशर त्यांच्या जागी वर राहणार. २०१७ च्या चॅम्पियनशिपमध्ये ४८ गुण वजा, टी-ट्वेंटीत चार, एकदिवसीय स्पर्धेत दोन. खेळाडूंच्या पगारावर कमी केलेली मर्यादा. आणि यापुढे कसोटी सामना मागायचा नाही. तेव्हा एका सामन्यात जास्तीत जास्त २४ गुण मिळायचे. म्हणजे ४८ गुण कापणं हे दोन संपूर्ण विजय मोसमाच्या आधीच पुसून टाकण्यासारखं.

कोर्टात का गेले नाहीत? कोर्टात जायला आधी पुढच्या महिन्याचा पगार हातात लागतो. अडला हरी, दुसरं काय. कौंटी क्लबचा पैसा वर्षभर सारखा येत नाही. सभासदांची वर्गणी थंडीत जमा होते, तिकिटं उन्हाळ्यात विकली जातात, बोर्डाचे हप्ते ठरलेल्या तारखांना येतात. पगार मात्र बारा महिने. ऑक्टोबरमध्ये मैदान ओस असतं आणि तिजोरीही. अशा वेळी समोरचा म्हणाला की हे घे पण या अटींवर, तर वकिलाचा सल्ला कितीही चांगला असला तरी तो ऐकायला उसंत नसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

हा अनुभव मला अगदी छोट्या प्रमाणावर आहे. आमच्या गावच्या क्लबने कपडे बदलायच्या खोल्या नव्या बांधायला वरच्या एका संस्थेकडून बिनव्याजी कर्ज घेतलं होतं. कर्ज घेण्याआधी त्यांचा माणूस आमच्याकडे येऊन खेळपट्टीवर गप्पा मारायचा. घेतल्यानंतर एका मार्चमध्ये रोलर बिघडला आणि हप्ता तीन आठवडे लांबला. आलेल्या पत्रात आमचा उल्लेख होता "कर्जदार" असा. माणसं तीच, रक्कम आमच्या एका मोसमाच्या बार-गल्ल्याइतकी, पण नातं बदललं ते बदललंच. डरहॅमच्या ३८ लाखांपुढे हे काहीच नाही, हे मलाही कळतं. तरी यंत्र तेच आहे.

आणि इथे बोर्डाच्या डोक्यावर एकाच वेळी चार टोप्या होत्या, ही या प्रकरणाची खरी गाठ. सामना विकणारं तेच. अडचणीत पैसे देणारं तेच. स्पर्धेचे नियम करणारं तेच. आणि शिक्षा सुनावणारंही तेच. आमच्याकडे एखाद्या जिल्हा बँकेने कारखान्याला कर्ज द्यावं, उसाचा भावही तिनेच ठरवावा आणि थकल्यावर गाळपाचा परवानाही तिनेच काढून घ्यावा, तसं काहीसं.

तरीही बोर्डाची बाजू आहे, आणि ती कमी लेखू नका. बोर्ड म्हणजे लंडनमध्ये बसलेलं परकं सरकार नाही. अठरा कौंट्या त्याच्या सभासद आहेत. उरलेल्या सतरांनी आपली कर्जं सांभाळत, खेळाडूंना नाही म्हणत मोसम काढला होता, आणि एकजण जमत नसताना खर्च करून चौथा आला. त्याला फुकट सोडवला तर पुढच्या वर्षी रांग लागली असती. शिक्षा दुसऱ्यांना दाखवण्यासाठी होती, आणि त्यात गैर काही नाही. माझ्या मते मदतीच्या बदल्यात विभाग उतरवणं समर्थनीय होतं. त्यावर ४८ गुण म्हणजे एकाच चुकीला दोनदा मारणं. आणि पगाराची मर्यादा हे तर सरळ नुकसान. डरहॅमची सगळी पुंजी घरच्या पोरांत होती. कॉलिंगवुड, हार्मिसन, ओनियन्स, प्लंकेट, वुड, स्टोक्स अशी माणसं या कोपऱ्याने इंग्लंडला दिली. २००८, २००९ आणि २०१३ अशी तीन विजेतेपदं आली ती बहुतांशी त्यांच्या जोरावर. शिक्षा झाली त्या हिवाळ्यात स्टोनमन आणि बोर्थविक सरेकडे गेले, वर्षभराने जेनिंग्ज लँकेशरला. गुण परत मिळवता येतात, पिढी मिळवता येत नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित उलटी वाटेल. कसोटी काढून घेतली ती शिक्षा म्हणून, पण हिशेबाच्या वहीत तो उपकार होता. बोली नाही, मेमधला पाऊस नाही, भाड्याच्या खुर्च्या नाहीत. आजोबांना हे सांगू नका, चिडतील. पण २०१८ मध्ये काय झालं ते त्यांना नक्की माहीत असेल. ग्लॅमॉर्गनने २०२० ते २०२४ या काळात कसोटी भरवणार नाही असं मान्य केलं आणि बोर्डाने त्यांना २५ लाख पौंड दिले. सॉमरसेटचे माजी अध्यक्ष अँडी नॅश यांनी त्यावरून बोर्डाच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. एकाला कसोटी नसल्याची भरपाई, दुसऱ्याला तीच गोष्ट शिक्षा म्हणून. डरहॅममध्ये आजही जो कडवटपणा ऐकू येतो तो या तुलनेतून येतो. मला विचाराल तर ४८ गुणांपेक्षा बोर्डाचं जास्त नुकसान या २५ लाखांनी केलं, कारण नियम सगळ्यांना सारखा नाही असा समज त्यामुळे झाला.

यॉर्कशरची गोष्टही अशीच ताणलेली आहे, पण जात वेगळी. (आपल्या लोकांना यॉर्कशर म्हटलं की १९९२ चा सचिन आठवतो, त्यांचा पहिला परदेशी खेळाडू. २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडचंही ठरलं होतं, वैयक्तिक कारणाने तो आला नाही.) तिथे प्रश्न पैशाचा नसून वागणुकीचा होता. माजी खेळाडू अझीम रफीकच्या वर्णद्वेषाच्या तक्रारी क्लबने ज्या तऱ्हेने हाताळल्या त्यावरून नोव्हेंबर २०२१ मध्ये बोर्डाने त्यांच्या हेडिंग्ली मैदानावरचे आंतरराष्ट्रीय सामने थांबवले. प्रायोजक पळाले, नवे अध्यक्ष आले, मार्च २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून क्लबचे नियम बदलले. सामने फेब्रुवारीतच अटींवर परत मिळाले होते. पुढे जुलै २०२३ मध्ये शिस्तपालन आयोगाने चार लाख पौंडांचा दंड केला, त्यातला तीन लाखांचा भाग स्थगित ठेवून, आणि पुन्हा तेच ४८ गुण. नाक तेच दाबलं, म्हणजे मोठा सामना. पण इथे शिक्षा सुनावणारं मंडळ तरी बोर्डापासून वेगळं बसलेलं होतं, आणि नियमभंगाची चौकशी करणारी स्वतंत्र शाखाही नंतर उभी राहिली. डरहॅमच्या वेळी यातलं काहीच आड नव्हतं.

याच यॉर्कशरवर त्यांचे माजी अध्यक्ष कॉलिन ग्रेव्हज यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टचं एक कोटीहून जास्त पौंडांचं कर्ज होतं, आणि २०१६ मध्ये बोर्डाचे अध्यक्ष तेच ग्रेव्हज होते. मी यात लबाडी होती असं म्हणत नाही. यॉर्कशरचा सावकार घरचा होता म्हणून त्यांना बोर्डाच्या दारात जावं लागलं नाही, डरहॅमला जावं लागलं, एवढंच म्हणतो. कर्ज दोघांवर होतं. फरक होता तो कर्ज कुणाचं आणि कधी परत मागणार यात. म्हणून क्लबवर कर्ज किती, हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही.

तर नातं बिघडलं की काय होतं हे भांडण कशावर आहे त्यावर अवलंबून असतं. रोकड संपली असेल तर बोर्ड जिंकतं, नेहमी. वागणुकीचा प्रश्न असेल तर लोकमत कुठे आहे त्यावर ठरतं. पण वेळापत्रकाचं भांडण असेल तर क्लब जिंकतात! देशांतर्गत स्पर्धांची रचना बदलायला अठरापैकी बारा कौंट्यांची मतं लागतात. २०२२ मध्ये इंग्लंडचा माजी कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉस याच्या समितीने चॅम्पियनशिपचे सामने कमी करायचं सुचवलं, सभासदांनी ओरड केली, आणि ते बारगळलं. २०२५ मध्ये पुन्हा चर्चा झाली, १४ सामने कायम राहिले. पगारासाठी हात पसरणारे क्लब मतपेटीसमोर आले की बोर्डाला वाकवतात. भारतात ही गंमत आपण पाहिलीच आहे. लोढा समितीच्या 'एक राज्य एक मत' सूत्राने मुंबई आणि विदर्भ अडचणीत आले होते, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पूर्ण सदस्यत्व परत दिलं. तिथेही राज्य संघटनांची ताकद मतातच होती. फरक असा की बीसीसीआयकडे वाटायला इतका पैसा आहे की तिथे भांडण वाट्यावर होतं, इथे तग धरण्यावर.

२०१६ नंतर चित्र बदललं आहे, हेही सांगायला हवं. द हंड्रेड या शंभर चेंडूंच्या नव्या स्पर्धेसाठी बोर्डाने प्रत्येक कौंटीला वर्षाला १३ लाख पौंड द्यायला सुरुवात केली, आणि अनेक लहान क्लब त्यावर तगले. २०२५ मध्ये त्या आठ संघांतले हिस्से विकले गेले. लीड्सचा संघ यॉर्कशरसकट सगळ्यांचा वाटा घेऊन सन समूहाने पूर्ण विकत घेतला, ओव्हलच्या संघात ४९ टक्के रिलायन्सने. डरहॅमचा स्वतःचा हंड्रेड संघ नाही, पण विक्रीच्या पैशातला वाटा सगळ्या कौंट्यांना आहे. माझ्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट, पण एकदाच येणारी. घर विकून आलेल्या पैशावर वर्षाचा किराणा भरायचा नसतो, आणि काही क्लब तो भरणार, अशी मला भीती आहे.

आता तुमच्या हातात काय. आधी निराश करतो. तुम्ही घेतलेलं सभासदत्व हे प्रत्यक्षात मोसमाचं तिकीट आहे. बहुतेक कौंट्या सभासदांच्या मालकीच्या आहेत, पण डरहॅम त्यात नाही. नॉर्थॅम्प्टनशर आणि हॅम्पशरही नाहीत. यॉर्कशरच्या सभासदाने २०२२ मध्ये हात वर केला म्हणून नियम बदलले. तुमच्या हाताला ते वजन नाही. डरहॅम आज समाजहिताची कंपनी म्हणून नोंदलेला आहे, आणि स्थानिक कौन्सिलचं सुमारे ३७ लाख पौंडांचं कर्ज २०१६ च्या सोडवणुकीत शेअर्समध्ये बदललं गेलं.

पण कंपनी असल्याचा एक फायदा आहे. तिचे हिशेब कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पीडीएफ उतरवा आणि नफा-तोटा सोडून द्या, तो कुणीही सजवतो. तीन ठिकाणी बोट ठेवा. एक, वर्षाच्या आत फेडायची देणी किती आणि हातातली रोकड किती. दुसरं, आगाऊ आलेलं उत्पन्न. तुमची वर्गणी तिथे बसलेली असते. क्लबने ती मोसमाआधीच पगारात खर्च केली असेल तर रोकडीच्या आकड्याकडे पाहून कळतं. तिसरं, ऑडिटरच्या अहवालात संस्था पुढे चालू राहील का यावर लिहिलेला परिच्छेद. तो दोन ओळींचा असेल तर निश्चिंत राहा. पानभर लांबला आणि त्यात बोर्डाच्या पाठिंब्याचा उल्लेख आला, तर पुढच्या ऑक्टोबरची तयारी ठेवा. मी असे परिच्छेद लिहिले आहेत. एकेका शब्दावर क्लबशी दोन-दोन आठवडे घासाघीस चालते.

मग सभासदांच्या सभेत एकच प्रश्न विचारा: बोर्डाचा पुढचा हप्ता दोन महिने उशिरा आला तर पगार कशातून होतील? अध्यक्ष हसून उत्तर देतात की खजिनदाराकडे बघतात, हे पाहा.

राहिला तुम्ही शेवटी सहज विचारलेला प्रश्न, इथे कसोटी परत येईल का. २०३१ पर्यंतचं वाटप जाहीर झालं आहे आणि त्यात चेस्टर-ली-स्ट्रीटला पुरुषांची कसोटी नाही. पण बोर्डाशी संबंध तुटलेले नाहीत. २०२३ मध्ये संघ दुसरा विभाग जिंकून वर आला. २०२४ मध्ये बोर्डाने महिलांच्या देशांतर्गत क्रिकेटमधल्या सर्वात वरच्या स्तराच्या आठ संघांत डरहॅमला घेतलं, आणि यॉर्कशरला सुरुवातीला थांबवलं. माझ्या मते २०१६ नंतर दोघांत झालेला हा सगळ्यात चांगला व्यवहार. २२ जुलै २०२५ ला मी तिथेच होतो, भारत-इंग्लंड महिलांच्या तिसऱ्या एकदिवसीय सामन्याला. आमच्या सांगलीची स्मृती ४५ वर गेली, हरमनप्रीतने शतक केलं, क्रांती गौडने सहा बळी घेतले आणि भारत १३ धावांनी जिंकला. पुढच्या वेळी तुम्ही याल तेव्हा जुलै असला तरी कोट आणा. नदीकडून वारा येतो.